पंचांगावरचा अंगठा

आमच्या आजीला अक्षर ओळखता येत नसे, पण बोटं वाचता येत. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडं जमली की ती एकेकाचा हात उजेडात धरायची आणि मोजायची: इतके शंख, इतकी चक्रं. दहाही बोटांवर चक्रं असली तर तो राजा होतो, असं ती सांगे. आमच्यात कुणाला दहा चक्रं नव्हती, त्यामुळे कुणी राजा झालं नाही. आजोबा गेल्यावर तिला त्यांचं पेन्शन मिळू लागलं. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी ती कचेरीत जायची, कारकून तिचा डावा अंगठा शाईच्या गादीवर दाबून कागदावर उमटवायचा आणि बाजूला लिहायचा, ‘निशाणी डावा अंगठा’. घरी येऊन ती राखेनं अंगठा घासत बसे. शाई दोन दिवस जात नसे.

शंख आणि चक्र हा जगातल्या पोलिसांचा कक्को आहे, आणि तो कलकत्त्यातल्या एका सरकारी कचेरीत गिरवला गेला, हे मला फार उशिरा कळलं. संशयिताची ओळख पटवणारं खातं आज कुठल्याही देशात असतं. पण बोटांच्या ठशांवर चालणारं पहिलं खातं ना लंडनमध्ये निघालं, ना पॅरिसमध्ये. ते निघालं १८९७ साली बंगालमध्ये. त्या खात्याची ही गोष्ट आहे. तिच्यात हुशारी आहे, अन्याय आहे, आणि एक प्रश्न आहे जो अजून सुटलेला नाही.

घुटिंगचा करार

सुरुवात झाली ती गुन्ह्यापासून नव्हे, अविश्वासापासून. १८५८ सालचा जुलै महिना. बंडाचा धुरळा अजून खाली बसला नव्हता. मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा पंचविशीतला अधिकारी होता. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा हा नातू. रस्त्यासाठी घुटिंग, म्हणजे खडीसारखे चुनखडीचे गोटे, पुरवण्याचा ठेका त्याने राज्यधर कोनाई या गावकऱ्याला दिला. करार कोनाईने स्वतःच्या हाताने लिहिला होता. तरी उद्या हा माणूस ‘ही सही माझी नाही’ म्हणाला तर? म्हणून हर्शेलने शिक्क्याची तेलकट शाई त्याच्या तळहाताला फासली आणि कराराच्या पाठीवर पंजा उमटवून घेतला. हेतू शास्त्रीय नव्हता. माणसाच्या मनात धाक बसावा, एवढाच होता.

मग हर्शेलला नादच लागला. मित्रांचे, सहकाऱ्यांचे, स्वतःचे ठसे तो वर्षानुवर्षं घेत राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं की माणूस म्हातारा होतो पण बोटावरच्या रेषांची नक्षी तीच राहते. १८७७ साली हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्याने तीन ठिकाणी ठसे सुरू केले: दस्तनोंदणीत, तुरुंगात आणि पेन्शनीत. पेन्शनीत यासाठी की मेलेल्या पेन्शनरच्या नावावर दुसरंच कुणी पैसे उचलून नेई. आजीचा नोव्हेंबरातला अंगठा हा या हुगळीच्या अंगठ्याचाच वंशज. त्याच वर्षी हर्शेलने तुरुंगखात्याच्या प्रमुखाला पत्र लिहून ही पद्धत सगळीकडे लागू करण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही.

नाव बदलणारा माणूस

एकोणिसाव्या शतकातल्या पोलिसांची खरी अडचण काय होती, हे आज पटकन ध्यानात येत नाही. ना फोटोचं ओळखपत्र, ना नंबर. एका जिल्ह्यात शिक्षा भोगलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्यात वेगळं नाव सांगून पहिल्यांदाच पकडला गेल्यासारखा उभा राही. कायदा सराईताला जास्त शिक्षा द्यायला सांगे, पण सराईत कोण हे ठरवायचं कसं? एकच उपाय होता: तुरुंगाच्या शिपायांना आणि जुन्या हवालदारांना बोलावून ‘हा तोच का’ असं विचारायचं.

हा उपाय किती फसवा होता, ते लंडनमध्ये ॲडॉल्फ बेक या नॉर्वेजियन माणसाने भोगलं. १८९६ साली बायकांना फसवून त्यांचे दागिने लांबवल्याच्या आरोपावरून त्याला सात वर्षांची सजा झाली. एकीमागून एक बायकांनी ‘हाच तो’ म्हणून बोट दाखवलं. निवृत्त शिपायाने शपथेवर सांगितलं की १८७७ साली आपण पकडलेला जॉन स्मिथ तो हाच. हस्ताक्षरतज्ज्ञानेही री ओढली. बेक सुटून आला, आणि १९०४ साली पुन्हा त्याच आरोपाखाली पकडला जाऊन पुन्हा दोषी ठरला. शिक्षा सुनावण्याआधीच खरा भामटा सापडला, म्हणून तो वाचला. मुळात जुन्या तुरुंगाच्या नोंदीत स्मिथच्या शरीरावरची एक खूण लिहिलेली होती, जी बेकला नव्हती. नोंद होती, पण खटल्यात ती कुणी पाहिली नाही. डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या शपथेपुढे कागदाची किंमत शून्य ठरली.

पॅरिसमध्ये आल्फोन्स बर्तियाँ या पोलिस कचेरीतल्या कारकुनाने यावर १८८०च्या दशकात तोड काढली होती. पूर्ण वाढ झालेल्या माणसाची हाडं बदलत नाहीत, तर डोक्याची लांबी-रुंदी, मधलं बोट, डावं पाऊल, कोपरापासूनचा हात अशी अकरा मापं घ्यायची, आणि त्या मापांप्रमाणे कार्डं कप्प्यांत लावायची. समोरून एक आणि बाजूने एक असा आरोपीचा जोडफोटो आपण पाहतो, तोही त्याचाच. बंगालचा पोलिसप्रमुख एडवर्ड हेन्री याने १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही मापं कलकत्त्याला आणली. पण हत्यार पितळेचं असलं तरी ते धरणारा हात माणसाचा. एका शिपायाने कॅलिपर घट्ट दाबला, दुसऱ्याने सैल धरला, की एकाच डोक्याची दोन मापं होत. माप चुकलं की कार्ड भलत्या कप्प्यात जाई, आणि भलत्या कप्प्यात गेलेलं कार्ड हरवल्यातच जमा.

बोटाच्या ठशात ही अडचण नव्हती. बोट स्वतःच स्वतःची नोंद करतं. १८८० साली जपानमध्ये काम करणाऱ्या हेन्री फॉल्ड्स या स्कॉटिश डॉक्टरने ‘नेचर’मध्ये पत्र लिहून गुन्हेगार ओळखायला ठसे वापरता येतील असं सुचवलं होतं. १८९२ साली फ्रान्सिस गाल्टनने पुस्तक लिहून कमान, शंख आणि चक्र असे तीन मूळ प्रकार ठरवले आणि दोन बोटं सारखी निघण्याची शक्यता किती नगण्य आहे, त्याचा हिशेब मांडला. मग अडलं कुठे? अडलं कपाटात. हजारो माणसांचे ठसे घेतले, पण उद्या एक नवा माणूस पकडून आणला, तर त्याचा ठसा त्या हजारांत शोधायचा कसा? एकेक कार्ड भिंगाखाली धरून पाहायचं तर आठवडे जातील. प्रश्न शास्त्राचा उरला नव्हता. तो कारकुनीचा होता.

एक हजार चोवीस खण

तो सोडवला दोन बंगाली सबइन्स्पेक्टरांनी. अझीझुल हक हे १८७२ साली जन्मलेले, खुलन्याकडचे, प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेले. हेमचंद्र बोस त्यांच्याहून पाचेक वर्षांनी मोठे. हेन्रीने दोघांना ठशांच्या कामाला लावलं.

हकच्या नावावर असलेली युक्ती इतकी सोपी आहे की वाचकाने ती स्वतःच्या हातावर करून पाहावी. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या: उजवा अंगठा आणि तर्जनी ही पहिली, मग क्रमाने पुढे, डाव्या करंगळीपर्यंत. प्रत्येक बोटाला एकच प्रश्न विचारायचा: चक्र आहे की नाही? एका जोडीत चार शक्यता: दोन्हींवर चक्र, एकावरही नाही, फक्त पहिल्यावर, फक्त दुसऱ्यावर. पाच जोड्या म्हणजे चार गुणिले चार, असं पाच वेळा. उत्तर १०२४. म्हणजे बत्तीस आडवे आणि बत्तीस उभे खण असलेलं एक कपाट.

आता खणाला नाव द्यायचं. पहिल्या जोडीतल्या चक्राला १६ गुण, दुसरीतल्याला ८, मग ४, २ आणि १. जोडीतल्या दुसऱ्या बोटांचे गुण अंशात, पहिल्या बोटांचे छेदात, आणि दोन्हींत एकेक मिळवायचा, म्हणजे शून्य राहत नाही. समजा, कुणाच्या फक्त दोन्ही अंगठ्यांवर चक्र आहे. उजवा अंगठा पहिल्या जोडीतलं पहिलं बोट, त्याचे १६ छेदात. डावा अंगठा तिसऱ्या जोडीतलं दुसरं बोट, त्याचे ४ अंशात. एकेक मिळवला की झालं ५/१७. एकही चक्र नसेल तर १/१, दहाही असतील तर ३२/३२. आजीचा राजा कलकत्त्याच्या कपाटात अगदी शेवटच्या खणात पडला असता.

शंख असलेली बोटं जगात सर्वांत जास्त, त्यामुळे १/१चा खण ओसंडून वाहणार हे उघड होतं. म्हणून पुढे पोटविभाग पाडले. शंखाचं तोंड अंगठ्याकडे की करंगळीकडे, त्याच्या गाभ्यापासून बाजूच्या त्रिकोणापर्यंत किती रेषा आडव्या येतात, हे भिंगाखाली सुईच्या टोकाने मोजायचं. या खात्यातलं रोजचं काम असं होतं: पत्र्यावर छापखान्याची शाई रुळाने पातळ पसरायची, बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कागदावर लोळवायचं, खाली चार बोटं एकत्र सरळ दाबायची, म्हणजे बोटांचा क्रम चुकला असेल तर कळतं, मग मोजायचं, अपूर्णांक लिहायचा, खण उघडायचा आणि तिथल्या मोजक्या कार्डांशी ताडून पाहायचं. बंदुका नाहीत, पाठलाग नाही. दिवसभर वाकलेली मान आणि दुखणारे डोळे. बोस यांनी पुढे ठसे तारेने कळवता यावेत म्हणून सांकेतिक भाषाही तयार केली. कलकत्त्याहून दुसऱ्या शहराला बोटाचा ठसा तारेतून जाऊ लागला.

१८९७ साली हिंदुस्थान सरकारने दोघांची समिती नेमली. एक सर्व्हेअर जनरल स्ट्राहान, दुसरे रसायनशास्त्रज्ञ पेडलर. त्यांनी दोन्ही पद्धती पडताळून ठशांच्या बाजूने कौल दिला आणि १२ जून १८९७ रोजी सरकारी ठराव झाला. दोन वर्षांनी, १८९९ साली, पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ठसेतज्ज्ञाचं मत कोर्टात ग्राह्य ठरलं. १९०१ साली हेन्री लंडनला गेला आणि स्कॉटलंड यार्डात तसंच खातं उघडलं. पद्धतीला नाव पडलं ‘हेन्री सिस्टिम’. प्रवासात कागद हाताशी नव्हता म्हणून साहेबाने आगगाडीत शर्टाच्या कफावर ही सगळी आकडेमोड केली, अशी एक आख्यायिकाही पुढे चालत आली. कलकत्त्यातल्या टेबलांची आख्यायिका झाली नाही.

जलपायगुडीचा निकाल

खात्याचा जन्म झाला त्याच पावसाळ्यात पहिली मोठी परीक्षा आली. ऑगस्ट १८९७. जलपायगुडी जिल्ह्यात चहामळ्याचा मॅनेजर बिछान्यात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. पेटी फोडलेली, पैसे गेलेले. संशय घ्यायचा तर माणसं भरपूर होती. मॅनेजर कडक, म्हणून मळ्यातले मजूर. स्वयंपाकी, कारण त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग. तो म्हणे, ते कबुतराचं रक्त. एका बाईचे नातेवाईक. जवळपास उतरलेली काबुली लोकांची टोळी. इथे नेहमीचा रस्ता काय होता, ते सांगायला नको. एखाद्या मजुराला किंवा त्या स्वयंपाक्याला ठाण्यात नेलं असतं आणि कबुलीजबाब तयार झाला असता.

पण मेलेल्याच्या कागदांत निळ्या वेष्टनाचं एक बंगाली पंचांग होतं आणि त्यावर दोन तपकिरी डाग होते. कलकत्त्याला भिंगाखाली त्यातला एक डाग उजव्या अंगठ्याचा निघाला. कपाटातल्या एका कार्डाशी तो जुळला. कार्ड होतं कांगाली चरणचं. हा मॅनेजरचा जुना नोकर, आणि चोरीबद्दल मॅनेजरनेच त्याला तुरुंगात धाडलं होतं. तो दूर बीरभूममध्ये सापडला. त्याचा ठसा नव्याने घेतला, तोही जुळला. डाग रक्ताचा आहे, असं रसायनतज्ज्ञाने सांगितलं.

१८९८ साली निकाल लागला. कांगाली चरण चोरीबद्दल दोषी ठरला. खुनाबद्दल मात्र संशयाचा फायदा मिळून सुटला, कारण त्याला खून करताना कुणी पाहिलं नव्हतं.

हा निकाल बरेचदा नवलाईने सांगितला जातो: पाहा, एवढा रक्ताचा ठसा असूनही कोर्ट भ्यायलं! मला मात्र तो वेगळा दिसतो. त्या कोर्टाला एक गोष्ट नेमकी समजली होती. ठसा सांगतो की हा हात इथे लागला. त्या हाताने काय केलं, हे ठसा सांगत नाही. आणि त्या पंचांगाने आणखी एक गोष्ट केली, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तो स्वयंपाकी, ते मजूर, ते काबुली, सगळे त्या एका अंगठ्यामुळे सुटले. ओळख पटवणाऱ्या खात्याचं हेच खरं पुण्य: ते जितक्यांना पकडतं, त्याहून जास्त लोकांना सोडवू शकतं.

लंडनच्या कोर्टाने पुढे उलट पाऊल टाकलं. १९०५ साली डेप्टफर्डच्या दुहेरी खुनात पैशाच्या पेटीवर अंगठा सापडला आणि स्ट्रॅटन बंधू फासावर गेले. ठशांची कल्पना पंचवीस वर्षांपूर्वी मांडणारा फॉल्ड्स त्या वेळी बचावाच्या बाजूला होता. एका बोटाच्या एका ठशावर एवढी भिस्त ठेवणं त्याला पटत नव्हतं.

कार्ड कुणाचं निघतं

कपाट कितीही हुशारीने लावलं, तरी त्यात सापडतो तो आधी त्यात घातलेलाच. म्हणून कुणाचे ठसे घ्यायचे, हा प्रश्न कसे घ्यायचे याहून मोठा आहे.

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्याचं एक उत्तर देऊन ठेवलं होतं. १९११च्या सुधारित कायद्याने ते मुंबई इलाख्यापर्यंत आणलं आणि नोंद झालेल्या माणसाचे ठसे घेण्याचा अधिकारही दिला. गुन्हा केला म्हणून नव्हे, अमुक जमातीत जन्मला म्हणून नोंद. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. पारधी, कैकाडी, भामटे अशा किती घराण्यांच्या आठवणी त्या तारांशी बांधलेल्या आहेत. कायदा १९५२ साली रद्द झाला, त्याची आठवण म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पण गावात चोरी झाली की आधी कुणाच्या पालावर जीप जाते, हे लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचणाऱ्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. कार्ड रद्द होतं, नजर रद्द होत नाही.

दक्षिण आफ्रिकेत हाच प्रश्न गांधींसमोर आला. १९०६ साली ट्रान्सव्हालमध्ये प्रत्येक हिंदी माणसाने ठसे देऊन परवाना घ्यावा, असा कायदा येऊ घातला. हेन्रीचं पुस्तक गांधींनी वाचलं होतं, आणि कायद्याने सक्तीचे ठसे फक्त गुन्हेगारांचे घेतात, हे त्यांना त्यातून कळलं होतं. ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या नाट्यगृहात हिंदी लोकांनी कायदा न मानण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाचा तो आरंभ. पण १९०८ साली समझोता झाल्यावर, स्वेच्छेने द्यायचे ठरले म्हणून, गांधींनी स्वतः दहा बोटांचे ठसे दिले. तेही समझोता न पटलेल्या एका माणसाने मारहाण केल्यावर, अंथरुणावर पडून. सरकारने शब्द फिरवला असं दिसल्यावर त्याच वर्षी परवान्यांची होळी झाली. शाई तीच आणि बोटंही तीच. फरक होता तो फक्त सक्ती आणि संमतीचा.

शंभर टक्के

मार्च २००४मध्ये माद्रिदच्या लोकलगाड्यांत बाँबस्फोट झाले. डिटोनेटर असलेल्या एका पिशवीवर अर्धवट ठसा मिळाला. अमेरिकेत एफबीआयच्या संगणकाने तो लाखोंच्या साठ्यातून चाळून जवळचे वीस ठसे पुढे काढले. त्यातला एक ब्रँडन मेफिल्ड या ओरेगनच्या वकिलाचा होता. सैन्यात असताना त्याचे ठसे घेतलेले होते. अनुभवी तज्ज्ञांनी एकामागून एक ‘जुळतो’ म्हणून सही केली. स्पेनच्या पोलिसांनी नकार कळवला, तरी एफबीआय ठाम राहिली. मेफिल्ड मुसलमान झालेला होता, आणि त्या दिवसांत ही गोष्ट तपासणाऱ्यांच्या मनाबाहेर राहणं कठीण होतं. बचावाच्या बाजूने कोर्टाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही ‘जुळतो’च म्हटलं. दोन आठवडे तो कोठडीत होता. मग स्पेनने तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचं दाखवून दिलं. एफबीआयने माफी मागितली, सरकारने पुढे वीस लाख डॉलर भरपाई दिली.

त्यानंतर इतिएल ड्रोर या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. पाच तज्ज्ञांना त्यांनी स्वतःच पूर्वी ‘जुळतो’ म्हटलेली ठशांची जोडी दाखवली, आणि हाच तो मेफिल्डचा चुकलेला ठसा, असं खोटंच सांगितलं. तिघांनी आता ‘जुळत नाही’ म्हटलं, एकाने ‘सांगता येत नाही’. एकच आपल्या मतावर राहिला. ठसे तेच होते, डोळेही तेच. बदललं होतं ते फक्त कानावर पडलेलं वाक्य. बेकच्या खटल्यातल्या बायकांचं जे झालं, तेच भिंग हातात धरलेल्या तज्ज्ञांचं झालं.

दोन बोटं सारखी नसतात, हे खरंच. पण कोर्टात बोट येत नाही. येतो तो अर्धा, पुसट, एकमेकांवर पडलेला डाग, आणि त्याच्याकडे पाहणारा एक थकलेला माणूस. गाल्टनचं गणित पहिल्याबद्दल बोलतं, दुसऱ्याबद्दल नाही.

कपाटाची वाढ

आता कपाट लाकडाचं राहिलेलं नाही. आपल्याकडे १९२०चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा जाऊन २०२२चा नवा कायदा आला. बोटं, तळहात, पाऊल, बुबुळ, सही, अशी ‘मापं’ आता घेता येतात, आणि ही नोंद पंचाहत्तर वर्षं ठेवायची तरतूद आहे. आरोपी निर्दोष सुटला तर, आधी शिक्षा झालेली नसल्यास, ती पुसायची असंही कायदा म्हणतो. ती वेळेवर पुसली जाते का, हे पाहायला मात्र त्या माणसालाच जागं राहावं लागेल.

अझीझुल हक यांना खानबहादुर किताब आणि पाच हजार रुपये मिळाले, तेही बऱ्याच वर्षांनी, त्यांनी स्वतः सरकारकडे दाद मागितल्यावर. बोस रायबहादुर झाले. हेन्रीने उतारवयात हकच्या वाट्याची कबुली दिली. १९३५ साली हक मोतिहारीला वारले. पुढे इंग्लंडमधल्या ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने दोघांच्या नावे संशोधनाचा पुरस्कार ठेवला. सगळ्या जगाची ओळख पटवण्याची किल्ली ज्यांनी बनवली, त्यांची स्वतःची ओळख पटायला शंभर वर्षं लागली.

आजीला मात्र शेवटच्या वर्षांत अंगठा उमटवता येईना. आयुष्यभर जातं ओढून, भांडी घासून रेषा झिजल्या होत्या. शाईचा नुसता काळा डाग पडे. कारकून चांगला होता. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, हसला, आणि डागाच्या बाजूला नेहमीसारखं लिहिलं, ‘निशाणी डावा अंगठा’. समोर बसलेली बाई कोण आहे, हे त्याला ठाऊक होतं.